हिवाची फेरी

मागल्या महिन्यात ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या बिऱ्हाडी एक तरुण गायनमास्तर आले होते. हातात वही, नाकावरून घसरणारा चष्मा, बोलणं अतिशय अदबीचं. पूर्वी कल्याणला धुंधुरमासात पहाटे पुरुषांचा एक मेळा थंडीची गाणी म्हणत दारोदार फिरे, असं त्यांना कोणी सांगितलं होतं. ती गाणी येणारं आता एकच माणूस उरलंय आणि ते म्हणजे मी, हेही सांगितलं होतं. शाळेतल्या वीस-पंचवीस मुलींकडून ती एकत्र म्हणवून घ्यायची त्यांची इच्छा. मी त्यांना चहा दिला, पोह्यांचा चिवडा दिला आणि म्हटलं, "नाही हो मास्तर, काही आठवत नाही. म्हातारपण." सुनेनं चमकून माझ्याकडे पाहिलं. तिच्या लग्नात कोणी कसलं लुगडं आणलं होतं ते काठापदरासकट मला अजून पाठ आहे, हे ती जाणून आहे. मास्तर बिचारे वही मिटून गेले. पंधराच्या पंधरा कडवी मला येतात. ती का सांगितली नाहीत ते इथं लिहून ठेवते. कोणी वाचलं तर वाचलं.

आमचं घर कल्याणात खाडीच्या अंगाला होतं. घर म्हणजे काय, पुढं ओसरी, मधली खोली, मागं स्वयंपाकघर आणि परसात तुळस. कल्याणच्या थंडीला घाटावरचे लोक हसतात, हसोत बापडे. पौषातल्या पहाटे खाडीवरून धुकं उठलं की ते सरळ आमच्या दाराच्या फटींतून आत यायचं, आणि सारवलेली जमीन पायाला अशी लागायची की चुलीपर्यंत उड्या मारत जावं. धुक्याला चिखलाचा आणि ताज्या पेंढ्याचा वास असे. घरात सगळ्यांत आधी आई उठायची. तिच्या जात्याची घरघर, मग रवीचा आवाज, मग चुलीत फुंकर. हे तिन्ही आवाज मी पांघरुणातून ऐकत असे आणि तिसरा झाला की उठत असे. आबांची बहीण, आमची बायोआत्या, बाळपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. घराची सूत्रं तिच्या हाती होती. धुंधुरमासात तुळशीवर ऊन पडायच्या आत पानं वाढलेली पाहिजेत, हा तिचा दंडक. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, वालाचं बिरडं, आवळ्याचं लोणचं. आदल्या संध्याकाळी मोड आलेले वाल सोलून माझ्या बोटांना जो वास लागे तो महिनाभर जात नसे. आबा ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. सोमवारी गाडीनं जात ते शनिवारी परतत. मी अकरा वर्षांची होते. लग्न होऊन गेलं होतं, सासरी जायला अवकाश होता, आणि त्या मधल्या काळात मुलगी जितकी लाडावते तितकी मी लाडावले होते.

जात्यानंतर आणि चुलीआधी कधीतरी फेरी यायची. हिवाची फेरी. वीस-बावीस पुरुष, कानाला उपरणी गुंडाळलेले, हातात टाळ. आमच्याकडे थंडीला हीव म्हणत. त्या गाण्यात हीव म्हणजे कोणी न बोलावलेला पाहुणा. मेळा दारासमोर थांबून म्हणे:

हीव आलं, हीव आलं, खाडीवरनं हीव आलं,
धुक्याची घोंगडी पांघरून आलं,
जागं आहे का घर?

यावर दाराआडून घरच्या बाईनं झील द्यायची:

जागं घर, जागी चूल, जागी दारची तुळस माझी,
हिवा रे, पुढल्या दारी जा.

मग पुरुष तीच झील एका गळ्यानं उचलत आणि पुढल्या दारी जात. झील आल्याशिवाय दार सोडायचं नाही, हा फेरीचा नेम. तीनदा विचारायचं, आणि तिसऱ्यांदाही झील आली नाही तर घरात काही कमीजास्त आहे असं समजून एकानं आत जायचं. एरवी कोणी झोपाळू सून सापडली की सगळी आळी दिवसभर तिला चिडवी. थंडी चढेल तशी कडवी बदलत. मार्गशीर्षातली हलकी, शेंगा भाजणारी, शेकोटीवर थट्टा करणारी. पौषातली जड. मधलं एक हुडहुडीचं कडवं होतं. त्यात सगळे बापये दात वाजवल्यासारखा आवाज कापरा करत आणि मी अंथरुणात हसून लोळत असे. शेवटचं भोगीच्या दिवशी, हिवाच्या निरोपाचं. ते घरच्या बाईनं एकटीनं म्हणायचं आणि मेळ्यानं तिच्या मागून जायचं. वर्षातला तेवढा एक दिवस बाई पुढं आणि पुरुष मागं.

माझ्या आईची झील ऐकायला मेळा मुद्दाम आमच्या दाराशी रेंगाळे, हे मी मुलीच्या कौतुकानं सांगत नाही. सगळ्या बायका 'तुळस माझी' पाशी दम घेत, कारण तिथं सूर लांबवायचा असतो आणि छाती रिकामी होते. आई घेत नसे. ती तो सूर लांबवून तशीच 'हिवा रे'वर उतरायची. बाहेरून कोणीतरी "वाहवा" म्हणे, आणि बायोआत्या आतून "पुरे, चूल बघ" म्हणे.

मेळ्याचा पुढारी माझा सख्खा मामा होता. भाऊमामा आईहून सहा वर्षांनी मोठा, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. उंच, हडकुळा, कपड्यांना कायम औषधांचा वास. त्याचा कान असा तिखट की वळचणीला पाल चुकचुकली तर तो पलीकडच्या खोलीतून सांगे. आईला गाणं त्यानंच शिकवलं, लहानपणी, नदीवर कपडे धुताना. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

त्या साली गाठीचा रोग आला. मुंबईहून आला, रुळांवरून आला, उंदरांबरोबर आला, ज्याला जे वाटेल ते तो सांगे. पुष्कळ लोक घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहिले. तपासणीवाले दारोदार येत, काखा-जांघा चाचपत, आणि गाठ सापडली की माणसाला डोलीत घालून गावाबाहेरच्या छपरांकडे नेत. आमच्या समोरची म्हातारी तशी नेली ती आली नाही. तिची सून पुढं कित्येक दिवस ओसरीवर बसून त्या रस्त्याकडे बघत असे. फेरीत नऊ माणसं उरली. फेरी बंद करा असं काही जण म्हणाले, तर मामा कडाडला, "उलट आताच हवी. दारं लावून बसलेत सगळे. आत काय चाललंय ते मला झिलेवरून तरी कळेल." स्वतः मात्र तो मेळ्यापासून दहा हात दूर, रस्त्याच्या मधोमध उभा राही. मी दिवसभर आजाऱ्यांत असतो, मी कोणाचा उंबरा ओलांडणार नाही, मला कोणी पाणीही विचारू नका, असं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. धुंधुरमासाच्या पहिल्या दिवशी तो आमच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला,

"यमू, तुझी झील आली की मी निर्धास्त पुढं जाईन. नाही आली तर दार मोडून आत येईन, मग सोवळं-ओवळं काही बघणार नाही. कळलं?"

"कळलं रे दादा," आई आतून म्हणाली, आणि हसली.

संक्रांत बारा-तेरा दिवसांवर आली असेल तेव्हा आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सरपणाची मोळी सोडताना मोडला. तिनं सुईनं कोरून काढला, वर हळद दाबली आणि कामाला लागली. दोन दिवसांनी दुपारी तिला थंडी वाजली. घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणं घातली तरी तिचे दात वाजायचे थांबेनात. मग ताप चढला, मग घाम फुटला. आत्या तिचं लुगडं बदलायला गेली आणि बाहेर आली ती भिंतीला धरून. जांघेत गाठ होती.

मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, पण घरात कोण काय कुजबुजतंय ते मुलांना न सांगता कळतं. आत्यानं पुढचं दार लावून अडसर घातला. आई रडत होती, "मला डोलीत घालू देऊ नका हो. मी इथंच मरेन, पण मला तिकडं नेऊ देऊ नका." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढं लोकांनी आत्याला नाही नाही ते बोल लावले, म्हणून लिहिते. शनिवारी आबा आले. बाहेरचा अंगरखाही न उतरवता बराच वेळ ओसरीवर बसून राहिले.

"भाऊला कळवायचं का?" आत्यानं विचारलं.

"नको. तो सरकारी नोकर. कळलं तर त्याला वर्दी द्यावीच लागेल. बहिणीला स्वतःच्या हातानं डोलीत घालायचं त्यानं? आणि नाही दिली वर्दी तर त्याची नोकरी जाईल. त्याला कळता कामा नये, त्यातच सगळ्यांचं भलं आहे."

"आणि पहाटे? झील नाही गेली की तो आत येणार. नेमाचा पक्का आहे तो."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दिवसभर आईची नक्कल करत हिंडत असे आणि त्यासाठी तिच्या हातच्या चापट्याही खात असे. "ही म्हणेल," आत्या म्हणाली.

तोवर दोन पहाटा आईनं कशाबशा अंथरुणातूनच निभावल्या होत्या. रविवारी पहाटे मी दाराआड उभी राहिले. अडसराचं लाकूड गार पडलं होतं, त्यावर मी कपाळ टेकलं. बाहेर टाळ थांबले आणि मामाचा जाड आवाज आला, "जागं आहे का घर?" मी म्हटलं. घसा आईसारखा थोडा आत दाबून, शब्दांच्या कडा तिच्यासारख्या मऊ करून म्हटलं. मग मामा म्हणाला, "जागं आहे रे बाबांनो. चला पुढं." आणि नऊ जणांनी झील उचलली. आत्यानं माझ्या हातावर लोण्याचा गोळा आणि गुळाचा खडा ठेवला. तो मला गोड लागला. लिहायला लाज वाटते, पण लागला.

आईचा ताप एक दिवस येई आणि एक दिवस जाई. यायच्या दिवशी ती थरथरे, बरळे, पाणी मागे आणि ओकून टाकी. न यायच्या दिवशी डोळे खोल गेलेले, पण शुद्ध स्वच्छ. त्या दिवशी ती मला जवळ बोलावून शिकवायची. मरण उशाशी येऊन बसलेलं असताना ती मला दम कुठं घ्यायचा ते शिकवत होती.

"'तुळस माझी'वर थांबलीस आज. थांबू नकोस गं. दादा हसेल."

"मला पुरत नाही."

"छातीतून म्हणतेस म्हणून पुरत नाही. पोटातून म्हण. इथून." माझा हात धरून तिनं स्वतःच्या पोटावर ठेवला. ते आत गेलेलं पोट कसं लागलं हे माझ्या तळव्याला अजून माहीत आहे. ती पुटपुटत सूर लावे आणि मी तिच्या मागून. मला ते कधीच जमलं नाही. पण बाकी सगळं जमलं, आणि दिवसागणिक जास्त जमू लागलं. एकदा मेळ्यातलं कोणी म्हणालं, "यमूताईंचा आवाज यंदा काय लागलाय! अगदी कोवळा झालाय." त्यावर मामा म्हणाला, "थंडी मानवते तिला." मी दाराआड उभी राहून हे ऐकलं आणि फुगले. खोटं कशाला सांगू? मी फेरीची वाट बघू लागले. आदल्या रात्री उद्याच्या कडव्याची मनात घोकणी करून झोपू लागले.

हुडहुडीच्या कडव्याची पहाट नेमकी तापाच्या दिवशी आली. एरवी ताप दुपारी येई, त्या दिवशी अंधारातच आला. बाहेर नऊ पुरुष दात वाजवल्याचं सोंग करत, आवाज कापरे करत गात होते आणि आत आई खरंच तशी कापत होती. दोन्ही आवाज एका लयीत आले. आत्यानं आईच्या तोंडावर पांघरूण दाबून धरलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी झील दिली. मामा पुढं गेला.

आता मास्तरांना दिलं तर त्यांच्या शाळेतल्या मुली हे कडवं म्हणतील आणि समोर बसलेले लोक हसतील, टाळ्या वाजवतील. ते हसण्याचंच कडवं आहे, मुलींचा काही दोष नाही. मला मात्र तिथं बसवणार नाही.

भोगी उजाडली. आत्या पहाटेच उठून भाकऱ्यांना तीळ लावत होती. ताप न यायचा दिवस. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात, म्हणून आईच्या तोंडी भाकरीचा एक कण तरी घालायचा आत्याचा हट्ट होता. मी दाराकडे निघाले तर आईनं माझ्या परकराचं टोक धरलं. बोटांत जोर नव्हता, पण धरलं.

"गोदे, आज गाऊ नकोस."

"का?"

"दादाला आत येऊ दे. मला काय झालंय ते त्याला बघू दे. मला नाही वाटत ही ती गाठ आहे. ती असती तर मी एव्हाना..." तिला धाप लागली. "त्याला कळेल. तू गप्प राहा नुसती. राहशील ना?"

"बरं," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्याचा आवाज चालू होता, त्यामुळं आत्यानं यातलं काही ऐकलं नाही. मी दाराआड जाऊन उभी राहिले. मेळा आला. "जागं आहे का घर?" मी ओठ मिटून घेतले. बाहेर टाळ थांबले. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मामाचा आवाज बदलला होता. मग गाणं नाहीच, नुसती हाक, "यमू?" आणि पावलं रस्ता सोडून ओसरीकडे येऊ लागली. एक, दोन, तीन, मी मोजत होते. पायरीपाशी येऊन त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, "जागं आहे का घर?"

आणि मी गायले.

आत्यानं मला खुणावलं नाही. ती तर आतच होती. डोलीची भीती वाटली म्हणून गायले असंही नाही, जरी पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला तसं समजावलं. आई तापाच्या भरात बोलतेय असं वाटलं, असंही नाही, तिचे डोळे स्वच्छ होते. भोगीचं कडवं होतं. वर्षातून एकदा बाईनं पुढं आणि पुरुषांनी मागं म्हणायचं कडवं. ते मी रात्रभर घोकलं होतं आणि मला ते म्हणायचं होतं.

गेलं हीव, गेलं हीव, खाडीपार गेलं हीव,
तिळातिळानं वाढ रे दिवसा,
जागं घर, जागी चूल, जागी दारची तुळस माझी...

पायरीवरची पावलं थांबली. मग मामाचा सूर माझ्या मागून आला, आणि त्याच्या मागून आठ जणांचे. मी आत अंधारात आणि ते बाहेर धुक्यात. मी सूर चढवला की ते चढत, मी उतरवला की उतरत. असं सुख मला जन्मात पुन्हा मिळालं नाही, लग्नाकार्यात नाही की मुलांच्या जन्मात नाही. खरं आहे ते खरं आहे. कडवं संपलं. मामा पायरीवरून म्हणाला, "शाब्बास यमू! घाबरवलंस ना मला?" आणि पावलं परत रस्त्याकडे गेली.

मी वळले. आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं रागावेल, रडेल. ती म्हणाली, "छान म्हटलंस. दम मात्र घेतलास."

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, ताप आला तो उतरलाच नाही. किंक्रांतीला भर दुपारी आई गेली. बाहेर मुलं तीळगूळ मागत हिंडत होती.

आबा ओसरीवर डोकं धरून बसले होते, आत्यानं मामाला बोलावणं पाठवलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. तो आला आणि त्या साली पहिल्यांदाच त्यानं आमचा उंबरा ओलांडला. रडला नाही. खाली बसून त्यानं आईची टाच हातात घेतली. तिथं पिकलेली जखम होती.

"हे काय?"

"काटा मोडला होता," आत्या म्हणाली.

"कधी?"

"झाले बारा-तेरा दिवस."

"आणि ताप? रोज यायचा?"

"दिवसाआड. थंडी वाजून."

मामानं टाच हलकेच खाली ठेवली. "बायोआत्या, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. गाठ येते तशी आणि जखम बरी झाली की जाते. आणि दिवसाआड थंडी वाजून येतो तो हिवताप. गाठीच्या रोगाचं माणूस इतके दिवस काढतं का?" त्यानं कोटाच्या खिशात हात घातला आणि चार-पाच पुड्या काढून कोनाड्यात ठेवल्या. "हे कोयनेल. हिवतापावरचं. रोज माझ्या खिशात असतं. रोज तुमच्या दारात असायचं."

"आम्ही तिच्या भल्यासाठीच," आत्या म्हणाली.

"पण मी तर तिला रोज ऐकत होतो," मामा म्हणाला. "भोगीला ऐकलं. परवा."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मामानं माझ्याकडे पाहिलं. कोनाड्यातल्या त्या पुड्या पुढं वर्षभर तिथंच होत्या. घराला चुना दिला तेव्हा गड्यानं कोनाडा तेवढा सोडून दिला.

आईचे दिवस झाल्यावर एका सकाळी मामा आला आणि मला परसात तुळशीपाशी घेऊन गेला. "म्हण एकदा," तो म्हणाला. "तिच्यासारखं." मी म्हटलं. त्यानं डोळे मिटले होते. "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं आणि मध्येच हात वर करून थांबवलं.

"'तुळस माझी'वर दम घेतेस तू."

"हो."

"ती घेत नसे. मीच शिकवलं होतं तिला. तू रोज इथं दम घेतलास आणि मला ऐकू आलं नाही." तो उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा काही दोष नाही, पोरी. तुला सांगितलं ते तू केलंस. कान माझा होता."

तो वळून निघाला तेव्हा सांगायला हवं होतं. मला गप्प राहा म्हणून सांगितलं होतं, मामा. शब्द तोंडात आले होते. तुळशीच्या मंजिरीचा एक तुरा माझ्या हातात होता, तो मी चुरडत बसले.

पुढल्या साली फेरी निघाली नाही. मामाशिवाय कोण काढणार? त्यानं टाळ कोणाला तरी देऊन टाकले. पुढं त्याची ठाण्याला बदली झाली, मीही सासरी आले ती ठाण्यालाच. तो मला सणावाराला भेटे, माझ्या मुलांना खाऊ आणी. पण कोणी गाण्याचा विषय काढला की म्हणे, "माझा कान वाईट आहे हो." इतक्यांदा म्हणे की लोकांना तो बहिराच वाटू लागला आणि सगळे त्याच्याशी ओरडून बोलत. पाल चुकचुकलेली ऐकणारा माणूस, तो ती ओरड मुकाट्यानं ऐकून घेई. मुलंसुद्धा त्याच्या कानाशी जाऊन किंचाळत आणि हसत. मी त्यांना रागे भरत असे. त्याला खरं सांगत मात्र नसे. आज सांगू, उद्या सांगू, दिवाळी झाल्यावर सांगू. सांगायचं म्हणजे त्याच्या कानावरचा डाग पुसून माझ्या तोंडावर घ्यायचा. एवढं एक मला साठ वर्षांच्या आयुष्यात साधलं नाही.

तो गेला तेही पौषातच. मी उशाशी होते. पहाटेची वेळ, खिडकीबाहेर धुकं, चमच्यानं मी त्याला पाणी घालत होते. हलक्या आवाजात बोलत होते, कारण घरात मला एकटीलाच ठाऊक होतं की त्याला नीट ऐकू येतं. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "गोदे, तेव्हा मला कळायला हवं होतं, नाही?"

नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. त्यानं वाट बघितली. फेरीत बघायचा तशी, झील आल्याशिवाय न हलता.

मी म्हटलं, "हो, मामा."